बायबलमधलं ‘इस्रायल’ म्हणजे नेमकं कोण? भविष्यवाण्यांच्या अर्थावरून ख्रिस्ती जगात मतभेद का आहेत?

पश्चिम आशियात युद्धाची ठिणगी पडली की काही तासांतच मोबाइलवर ठरावीक व्हिडिओ फिरू लागतात. मागे गंभीर संगीत, पडद्यावर क्षेपणास्त्रांची दृश्यं आणि खाली एक ओळ: ‘बायबलमधली भविष्यवाणी खरी होतेय’. कुणी यहेज्केलच्या पुस्तकातला ३८वा अध्याय दाखवतं, कुणी दानीएलचा ९वा, तर कुणी थेट प्रकटीकरणाचं पुस्तक उघडतं.

हे व्हिडिओ एक गोष्ट गृहीत धरतात. बायबलमध्ये जिथे जिथे ‘इस्रायल’ हा शब्द आहे, तिथे तिथे १९४८ साली स्थापन झालेला आजचा देश अभिप्रेत आहे, असं ते मानतात. पण खुद्द ख्रिस्ती धर्मात यावर एकमत नाही. काही पंथांच्या मते ही वचनं आजही ज्यू लोकांसाठीच आहेत. काहींच्या मते ती येशू ख्रिस्तात पूर्ण झाली आणि आता सगळ्या ख्रिस्ती मंडळीची आहेत.

हा वाद फक्त चर्चच्या भिंतींआड राहिलेला नाही. ज्यूंचा छळ, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि पॅलेस्टिनी ख्रिश्चनांचं रोजचं जगणं, या सगळ्यांवर त्याची छाप पडली आहे. म्हणून हे प्रकरण समजून घेऊया.

‘इस्रायल’ या एका शब्दाचे किती अर्थ?

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकात ‘इस्रायल’ हे एका माणसाचं नाव म्हणून येतं. अब्राहामचा नातू याकोब याला हे नवं नाव मिळतं. पुढे त्याच्या १२ मुलांपासून झालेल्या १२ वंशांना मिळून इस्रायल म्हटलं जाऊ लागलं.

शलमोन राजानंतर राज्याचे दोन तुकडे झाले. तेव्हा फक्त उत्तरेकडच्या राज्याचं नाव इस्रायल होतं. दक्षिणेकडचं राज्य होतं यहुदा आणि जेरुसलेम ही त्याची राजधानी. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरी साम्राज्याने उत्तरेचं राज्य संपवलं. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनने जेरुसलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. हद्दपारीच्या या काळात इस्रायल हा शब्द पुन्हा सगळ्या ज्यू समाजासाठी वापरला जाऊ लागला.

म्हणजे माणूस, वंश, राज्य आणि समाज असे चार अर्थ बायबलच्या जुन्या भागातच सापडतात. आजचा देश हा पाचवा अर्थ. तो बायबल लिहून झाल्यावर साधारण १,८०० वर्षांनी आला.

‘मंडळी’ हा शब्दही इथे महत्त्वाचा आहे. मराठी प्रोटेस्टंट ख्रिश्चन ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ चर्चची इमारत असा नसून येशूवर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय असा आहे.

वाद कोणत्या भविष्यवाण्यांवरून आहे?

यातल्या बऱ्याच वचनांच्या मुळाशी ‘करार’ ही कल्पना आहे. मराठीत बायबलच्या दोन भागांना ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला ती चटकन कळते. देव आणि माणसं यांच्यातला हा करार नेमका कुणाशी झाला आणि तो अजून लागू आहे का, असा हा प्रश्न आहे.

उत्पत्तीच्या १२, १५ आणि १७व्या अध्यायांत देव अब्राहामला संतती, आशीर्वाद आणि भूमी यांचं वचन देतो. अब्राहामला आशीर्वाद देणाऱ्यांना देव आशीर्वाद देईल, असंही तिथे म्हटलं आहे. इस्रायलला पाठिंबा मागणारे अनेक ख्रिस्ती उपदेशक याच वचनाचा आधार घेतात.

यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात देव इस्रायल आणि यहुदा यांच्या घराण्यांशी नवा करार करणार असल्याचं सांगितलं आहे. ‘नवा करार’ हे नाव इथूनच आलं.

यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात सुकलेल्या हाडांनी भरलेल्या खोऱ्याचा दृष्टान्त आहे. ती हाडं जोडली जातात, त्यांच्यावर मांस चढतं आणि ती जिवंत होतात. ही हाडं म्हणजे इस्रायलचं घराणं, असं त्याच अध्यायात स्पष्ट केलं आहे. त्यापुढच्या दोन अध्यायांत मागोग देशातला गोग नावाचा राजा इस्रायलवर चाल करून येतो.

दानीएलच्या ९व्या अध्यायात ७० ‘सप्तकां’चा हिशेब आहे. एक सप्तक म्हणजे ७ वर्षं असं धरलं तर एकूण ४९० वर्षं होतात.

नव्या करारातले लेखक ही वचनं कशी वाचतात?

इथे खरा पेच सुरू होतो. नव्या करारातच या जुन्या वचनांचा अर्थ लावलेला आहे आणि तो नेहमी एकाच दिशेने जात नाही.

पहिलं उदाहरण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातलं. ज्यू नसलेल्यांना मंडळीत घेताना त्यांची सुंता करावी का, यावर जेरुसलेममध्ये बैठक भरली होती. तिथे याकोब नावाचा पुढारी आमोस संदेष्ट्याच्या एका भविष्यवाणीचा आधार घेतो. आमोसच्या हिब्रू मजकुरात दाविदाचं पडलेलं राज्य पुन्हा उभं राहून अदोम या शेजारच्या राष्ट्राच्या उरलेल्या भागाचा ताबा घेईल, असा आशय आहे. याकोबाच्या तोंडी मात्र ग्रीक भाषांतराच्या जवळचा मजकूर येतो. त्यात उरलेली मानवजात देवाचा शोध घेईल, असा आशय आहे. हिब्रूत ‘अदोम’ आणि ‘आदाम’ म्हणजे माणूस हे शब्द जवळजवळ सारखेच लिहिले जातात. भूमी आणि राज्याबद्दलचं वचन इथे जगभरातल्या लोकांबद्दलचं वचन झालं आहे.

दुसरं उदाहरण प्रेषित पौलाचं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की अब्राहामचा खरा वारस ख्रिस्त आहे आणि ख्रिस्ताचे असलेले सगळेच, मग ते ज्यू असोत वा नसोत, त्या वारशात येतात. इब्री लोकांस पत्रात यिर्मयाची ‘नव्या करारा’ची भविष्यवाणी जवळजवळ पूर्ण देऊन ती येशूला लागू केली आहे.

एवढंच वाचलं तर विषय मिटला असं वाटेल. पण रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात हाच पौल वेगळा सूर लावतो. देवाने आपल्या लोकांना टाकून दिलेलं नाही, असं तो ठामपणे सांगतो. त्यासाठी तो जैतुनाच्या झाडाची उपमा वापरतो. काही फांद्या तुटल्या आणि त्यांच्या जागी रानटी जैतुनाच्या फांद्यांचं कलम केलं गेलं. या रानटी फांद्या म्हणजे ज्यू नसलेले ख्रिस्ती. त्यांनी मूळ फांद्यांपुढे फुशारकी मारू नये, कारण मूळ त्यांना पोसतं, ते मुळाला पोसत नाहीत, असा इशारा पौल देतो. तुटलेल्या फांद्या पुन्हा जोडल्या जाऊ शकतात आणि शेवटी ‘सर्व इस्रायल’ तारलं जाईल, असंही तो लिहितो.

या ‘सर्व इस्रायल’मध्ये कोण येतं? १६व्या शतकातले धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी त्याचा अर्थ ज्यू आणि इतर मिळून देवाची सगळी प्रजा असा घेतला. आजचे अनेक अभ्यासक म्हणतात, आधीच्या ओळींमध्ये इस्रायल म्हणजे ज्यू समाज आहे, मग इथेच अर्थ कसा बदलेल? नंतरची बरीचशी मतमतांतरं याच प्रश्नाशी येऊन भिडतात.

पहिला अर्थ: मंडळी हेच नवं इस्रायल

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. इ.स. १३५ मध्ये ज्यूंचं आणखी एक बंड चिरडलं गेलं. देवाने जुन्या इस्रायलला बाजूला केल्याची ही खूण आहे, असं अनेक ख्रिस्ती लेखकांना वाटलं. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर यांनी ख्रिस्ती लोकांनाच खरं इस्रायल म्हटलं.

प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात ख्रिस्ताच्या १,००० वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचं नगर’ या ग्रंथात हा आकडा प्रतीकात्मक मानला. त्यांच्या मते हे राज्य म्हणजे मंडळीचाच सध्याचा काळ. पुढची अनेक शतकं पश्चिमेकडच्या चर्चवर याच विचाराचा प्रभाव राहिला.

या विचाराचं एक टोकाचं रूप म्हणजे ‘ज्यूंना देवाने कायमचं नाकारलं आहे’ ही शिकवण. तिचे परिणाम भयंकर झाले. मार्टिन लूथर यांनी १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात त्यांची प्रार्थनास्थळं जाळण्याचा सल्ला दिला होता. पुढे नाझींनी आपल्या प्रचारात लूथर यांचं हे लिखाण वापरलं. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली, तेव्हा युरोपातल्या चर्चना आपल्याच शिकवणीकडे वळून पाहावं लागलं.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा काढला. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही आणि ज्यूंना देवाने नाकारलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये, असं कॅथलिक चर्चने त्यात सांगितलं. त्यासाठी रोमकरांस पत्राच्या त्याच ११व्या अध्यायाचा आधार घेतला होता. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लूथरन चर्चनेही १९९४ मध्ये लूथर यांचं ज्यूविरोधी लिखाण नाकारलं.

मात्र मंडळीला वचनांचा वारसा मिळाला असं मानणारा प्रत्येक ख्रिस्ती ज्यूंचा द्वेष करतो, असं नाही. या वचनांचा विस्तार होऊन त्यात सगळी राष्ट्रं आली, कुणाला हाकललं गेलं नाही, असं अनेक धर्मपंडित म्हणतात.

दुसरा अर्थ: इस्रायल वेगळं, मंडळी वेगळी

सोशल मीडियावरच्या बहुतेक व्हिडिओंमागे हा दुसरा विचार असतो. त्याला ‘डिस्पेन्सेशनलिझम’ म्हणतात. १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने तो मांडला. त्यांच्या मते देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत, एक इस्रायलसाठी आणि दुसरी मंडळीसाठी. इस्रायलला दिलेली वचनं शब्दशः इस्रायललाच मिळणार.

मग दानीएलच्या ४९० वर्षांचं काय? या विचारानुसार ४८३ वर्षं येशूच्या काळापर्यंत संपली आणि घड्याळ थांबलं. मधला सगळा काळ मंडळीचा आहे. एक दिवस विश्वासणारे अचानक आकाशात उचलले जातील. याला ‘रॅप्चर’ म्हणतात. त्यानंतर उरलेली ७ वर्षं सुरू होतील. त्यात ख्रिस्तविरोधी सत्ता येईल, महासंकट येईल आणि शेवटी ख्रिस्त परत येऊन जेरुसलेममधून १,००० वर्षं राज्य करेल.

१९०९ मध्ये आलेल्या स्कोफिल्ड बायबलने हा विचार अमेरिकेत घरोघर नेला. त्यात बायबलच्या मजकुराखालीच या पद्धतीच्या टिपा छापल्या होत्या. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि १९६७च्या युद्धात पूर्व जेरुसलेम त्याच्या ताब्यात आलं, तेव्हा हा विचार मानणाऱ्यांना भविष्यवाणी डोळ्यांसमोर पूर्ण होतेय असं वाटलं. १९९५ पासून आलेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ या कादंबरीमालिकेच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

या दोन टोकांच्या मध्येही अनेकजण आहेत. ज्यू लोकांचं देवाच्या योजनेत खास स्थान आहे, पण त्यावरून एखाद्या सरकारच्या धोरणाला आपोआप धार्मिक मान्यता मिळत नाही, असं ते मानतात.

एकच अध्याय, चार अर्थ

सुकलेल्या हाडांचा अध्याय घेतला तर फरक लगेच दिसतो.

इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, यहेज्केल बाबिलोनमध्ये हद्दपार झालेल्या लोकांना धीर देत होता. इ.स.पू. ५३८च्या सुमारास इराणचा राजा कोरेश याने त्यांना परत जाऊ दिलं, त्या घटनेशी हा दृष्टान्त जोडला जातो.

मंडळीला वारस मानणारे म्हणतात, मेलेल्या माणसाला देवाचा आत्मा नवं जीवन देतो, हे ख्रिस्तात पूर्ण झालं.

डार्बी यांच्या परंपरेतले म्हणतात, ही भविष्यवाणी १९४८ची आहे. आधी शरीर जोडलं गेलं, म्हणजे देश झाला. आता त्यात प्राण यायचा आहे, म्हणजे ज्यू लोक येशूला स्वीकारतील.

ज्यू वाचकांमध्येही दोन प्रवाह आहेत. काही धार्मिक ज्यूंना आधुनिक इस्रायलमध्ये मुक्तीची सुरुवात दिसते. काही कर्मठ गट मात्र मशीहा येण्याआधी माणसांनी असं राज्य उभं करायलाच नको होतं, असं म्हणतात. ख्रिस्ती पाठिंब्याबद्दलही अनेक ज्यू सावध असतात, कारण त्या कथेच्या शेवटी ज्यू धर्म उरतच नाही.

याचा राजकारणाशी काय संबंध?

१८९१ मध्ये विल्यम ब्लॅकस्टोन या अमेरिकी धर्मप्रचारकाने राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना एक निवेदन दिलं. छळ होत असलेल्या रशियातल्या ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये वसवण्यासाठी मदत करा, अशी त्यात मागणी होती. त्यावर ४०० हून अधिक प्रतिष्ठित अमेरिकनांच्या सह्या होत्या. ज्यूंची पहिली झायोनिस्ट काँग्रेस त्यानंतर ६ वर्षांनी भरली.

२००६ मध्ये पाद्री जॉन हॅगी यांनी ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल’ ही संघटना उभी केली. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेने जेरुसलेममध्ये दूतावास उघडला, तेव्हा त्या कार्यक्रमात हॅगी यांनी प्रार्थना केली. अमेरिकेच्या इस्रायल धोरणामागे लष्करी हितसंबंध, तेल आणि देशांतर्गत राजकारण अशी इतर कारणंही आहेत. पण इव्हँजेलिकल मतदारांचं वजन कुठलाही पक्ष दुर्लक्षित करत नाही.

या वादाची सर्वांत जास्त झळ पॅलेस्टिनी ख्रिश्चनांना बसते. येशूच्या जन्मगावी, बेथलेहेममध्ये ते पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. ज्या वचनांवर त्यांची श्रद्धा आहे, त्याच वचनांच्या आधारे आपली जमीन दुसऱ्याची ठरवली जाते, हे त्यांचं दुखणं आहे. २००६ मध्ये जेरुसलेममधल्या चार चर्चच्या प्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून ख्रिश्चन झायोनिझम ही चुकीची शिकवण असल्याचं म्हटलं. २००९ मध्ये ‘कैरोस पॅलेस्टाइन’ या दस्तऐवजात त्यांनी आपली बाजू मांडली. २०२३च्या नाताळात बेथलेहेममधल्या एका लूथरन चर्चने बाळ येशूला गोठ्याऐवजी दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवलं. गाझातल्या मुलांकडे लक्ष वेधण्यासाठी केलेला तो देखावा जगभर पाहिला गेला.

कोकण आणि मणिपूरशी नातं

‘इस्रायल म्हणजे कोण’ हा प्रश्न मराठी माणसांनाही विचारला गेला आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो जण इस्रायलला गेले. पण तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. बेने इस्रायलींनी आंदोलन केलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

मणिपूर आणि मिझोराममधल्या बनेई मनश्शे समाजाची गोष्ट आणखी वेगळी. आपण इस्रायलच्या हरवलेल्या वंशांपैकी एक आहोत, असं ते मानतात. २००५ मध्ये इस्रायलच्या एका मुख्य धर्मगुरूंनी हा दावा मान्य केला. तरी तिथे स्थायिक होताना त्यांना धर्मांतराचे विधी करावे लागतात. त्यांच्या प्रवासासाठी काही ख्रिस्ती संस्थांनी पैसे दिले, कारण वंशांचं परत येणं ही त्या संस्थांना भविष्यवाणीची पूर्तता वाटते.

तारखा किती वेळा चुकल्या?

अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानीएलच्या आकड्यांवरून २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली होती. तो दिवस इतिहासात ‘मोठी निराशा’ म्हणून नोंदला गेला. १९७० मध्ये हॅल लिंडसे यांच्या गाजलेल्या पुस्तकाने १९४८ नंतरच्या ४० वर्षांकडे बोट दाखवलं. १९८८ आलं आणि गेलं. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. काहींनी त्यावर विश्वास ठेवून जमापुंजी प्रचारात घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी चूक कबूल केली.

गोगचंही तसंच. हिब्रू मजकुरातल्या ‘रोश’ शब्दावरून गोग म्हणजे रशिया, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. पण हिब्रूत ‘रोश’ म्हणजे डोकं किंवा प्रमुख. फक्त उच्चारातल्या साम्यावर हा अर्थ उभा आहे आणि बहुतेक अभ्यासक तो मानत नाहीत.

असा व्हिडिओ आला तर काय पाहाल?

• दाखवलेल्या वचनाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर काय आहे? तो कोणत्या काळात, कुणाला उद्देशून लिहिला आहे?

• त्यात ‘इस्रायल’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे?

• नव्या करारात त्याच वचनाचा अर्थ कसा लावला आहे?

• सांगणारा एका पंथाचं मत ‘बायबल असं म्हणतं’ म्हणून मांडतोय का?

• तो तारीख देतोय का, किंवा शेवटी देणगी मागतोय का?

श्रद्धा ठेवणं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण पौलाने रोममधल्या ख्रिश्चनांना दिलेला इशारा दोन्ही बाजूंना लागू पडतो. ज्यूंना देवाने टाकलं असं म्हणणाऱ्यांनी मूळ फांद्यांचा इतिहास विसरू नये. आणि युद्धाच्या प्रत्येक बातमीत भविष्यवाणी शोधणाऱ्यांनी, त्या बातमीत मरणारी माणसं इस्रायलमधली असोत वा गाझातली, ती एखाद्या तक्त्यावरच्या खुणा नाहीत, हे विसरू नये.